लिलावातील बॅरल

आमचा व्यवसाय कागदाचा. लोखंडाशी संबंध आला तर कपाटाच्या कुलुपापुरता. तरीही उद्यमबागेतील भाच्याच्या कारखान्यासाठी सुटे भाग साफ करण्याचे यंत्र कोणते घ्यावे, या प्रश्नात आम्ही लक्ष घातले. त्याच्या कर्जाला आम्ही जामीन होतो, आणि जामिनाबरोबर सल्ला देण्याचा अधिकारही मिळतो अशी आमची समजूत होती. शिवाय ज्या बेळगावात 1888 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलीच्या दुकानापासून आरंभ केला, तेथे प्रत्येकास यंत्रांतले थोडेफार कळते असे वाटतेच. (1910 साली त्यांनी आपला कारखाना किर्लोस्करवाडीस नेला, हे आम्ही सोयीस्करपणे विसरतो.)

भाचा हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल बनवितो. स्पूल म्हणजे खाचा पाडलेली, करंगळीएवढी पोलादी दांडी. व्हॉल्व्हमध्ये मागेपुढे सरकून ती तेलाची वाट उघडते आणि मिटते. कातताना कडेला धातूचे बारीक कुसळ उरते. कारखान्यात त्याला ‘बर’ म्हणतात. ते सुटून तेलात गेले की स्पूल अडकलाच. म्हणून चार बायका बाकावर बसून कानशीने आणि पॉलिश पेपरने एकेक नग साफ करीत व रॉकेलच्या घमेल्यात धूत. आम्हांस हे फारच संथ वाटले. पुढे एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात अष्टकोनी बॅरल दिसले. त्यात भाग, सिरॅमिकचे खडे, पाणी आणि साबण घालून सावकाश फिरविले की भाग खड्यांवर घासून आपोआप गुळगुळीत होतात. किंमत नव्याच्या निम्मी. आम्ही हात वर केला.

पहिला लॉट आरशासारखा निघाला, आणि पंधरा दिवसांत सगळाच्या सगळा पुण्याहून परत आला.

“मामा, एक नोटीस द्या की त्यांना,” भाचा म्हणाला. नोटिशीसाठी आम्ही ड्रॉइंग मागविले. कोपऱ्यात स्वच्छ लिहिले होते : कडा तीक्ष्ण, बर नको. सही करण्यापूर्वी कागद वाचा, असे अशिलांना वीस वर्षे बजावीत आलेल्या आम्ही तो कागद लिलावापूर्वी उघडूनही पाहिला नव्हता. तेलाचे माप त्या कडेवर ठरते. कड गोल झाली की माप चुकते, आणि तेलातली बारीक घाण तेथेच पाचरीसारखी शिरते. बॅरल बर काढते, पण बरोबर कडही खाते.

हे आम्हांस नीट समजले ते निपाणीच्या अक्कांकडून. त्या पूर्वी तंबाखूच्या वखारीत होत्या, विड्याही वळीत. बोटांना डोळे असावेत तशी त्यांची नजर. एक स्पूल उचलून त्यांनी त्यावर कापूस फिरविला. “कापसाचा तंतू अडकला तर बर हाय. आन् नख नुसतं घसरलं तर कड गेली बघा, साहेब. तुमच्या पिंपाला ह्यातलं काय कळतंय?”

पुढच्या खेपेस एक विक्रेता अल्ट्रासॉनिक टाकी घेऊन आला. पाण्यात सेकंदाला चाळीस हजार कंपने होतात. सूक्ष्म बुडबुडे उठून फुटतात आणि भोकांतला मळही बाहेर काढतात. या वेळी आम्ही उलटतपासणी घेतली. याने बर निघते काय? निघत नाही, असे तो थोड्या नाखुशीने म्हणाला. धुणे आणि घासणे ही दोन वेगळी कामे आहेत, एवढे त्या दिवशी उमगले.

टाकी घेतली, कारण रॉकेलने अक्कांच्या हातांना भेगा पडल्या होत्या. ॲल्युमिनियमच्या टोपणांसाठी सौम्य साबण ठरला. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो. पोलादी भाग धुऊन वाळविले की लगेच तेल लावायचे, नाहीतर बेळगावच्या पावसाळ्यात सकाळपर्यंत गंज. ज्या बुशांच्या कडा गोल झालेल्या चालतात, त्यांच्यासाठी लहान व्हायब्रेटर घेतला, आणि खडे असे निवडले की ते बुशांच्या भोकांत अडकू नयेत. स्पूल मात्र बाकावरच राहिले. तेथे भिंगाचा दिवा आला आणि पाठीच्या खुर्च्या आल्या. त्या अक्कांनी मागितल्या, कोणत्याही कोटेशनमध्ये त्या नव्हत्या.

बॅरलची किंमत आम्ही भाच्याच्या कर्जखात्यात भरून टाकली. ते अजून शेडमागे पडून आहे. ते विकण्याचे काम भाचा आमच्याकडे सोपवीत नाही.