वॉल्डनकाठचं देणं

हेन्री डेव्हिड थोरोचं माझ्यावर ऋण आहे आणि ते फिटण्यातलं नाही. १८१७ साली अमेरिकेतल्या काँकर्ड गावात जन्मलेला आणि क्षयानं ४४व्या वर्षी गेलेला हा माणूस सोलापुरातल्या एका गिरणी कामगाराच्या घरात आला तो दुर्गाबाई भागवतांचं बोट धरून. त्याचं ‘वॉल्डन’ हे पुस्तक त्यांनी मराठीत आणलं, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावानं. ते माझ्या हातात ठेवलं वाचनालयातल्या बाईंनी. “ने की, वाचून तर बघ,” एवढंच म्हणाल्या.

तेव्हा वडिलांची गिरणी बंद पडली होती. ते साचेखात्यात होते. भोंगा वाजायचा थांबला तरी पहाटे उठून बसायचे. देणी अडकलेली, घरात रुपया-रुपयाचा हिशेब चाललेला. आणि पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात मला भेटला तोही हिशेबच! थोरोनं १८४५ साली आपला गुरू आणि मित्र इमर्सनच्या जमिनीवर, वॉल्डन तळ्याकाठी, स्वतःच्या हातांनी खोपट बांधलं. खर्च २८ डॉलर साडेबारा सेंट. फळ्या, खिळे, बिजागऱ्या, कडी, सगळं मांडलेलं. खडूचा एक सेंटसुद्धा सोडलेला नाही. मी ती यादी वडिलांना वाचून दाखवली. हजार जुन्या विटा चार डॉलरला, हे ऐकल्यावर ते म्हणाले, “जुन्या घेतल्या ना? शहाणा माणूस.”

वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी खर्ची पडलेलं आयुष्य, असं थोरो सांगतो. तीन पाळ्यांच्या घरात वाढलेल्याला हे समजावून द्यावं लागत नाही. वर्षाकाठी सहाएक आठवडे मजुरी केली की आपलं भागतं, हे त्याचं गणित मात्र वडिलांना पटलं नाही. “त्याला लेकरं होती का?” त्यांनी विचारलं. नव्हती, त्यानं लग्नच केलं नव्हतं. वडिलांचा प्रश्न मला आजही रास्त वाटतो. तरीही त्या पुस्तकानं मला धीर दिला. खिशात पैसा नसताना माणूस ताठ मानेनं राहू शकतो, हे त्या वयात कुणीतरी हिशेबासकट सांगायला हवं होतं.

त्याचं दुसरं देणं आमच्या गावापर्यंत कधीच पोचलं होतं. गुलामगिरी पोसणाऱ्या सरकारला कर देणार नाही म्हणून १८४६मध्ये थोरो एक रात्र कोठडीत राहिला. त्यातून निघालेला सविनय कायदेभंगावरचा निबंध गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत वाचला. मे १९३०मध्ये गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटून उठलं आणि इथं मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा फासावर गेले. या चौघांच्या पुतळ्यांजवळून जाताना मला काँकर्डची ती कोठडी हटकून आठवते. आणि दुर्गाबाईही आठवतात. आणीबाणीत कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्या निर्भयपणे बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. थोरोचं नुसतं भाषांतर करून त्या थांबल्या नव्हत्या.

पण थोरोची नजर आपल्या मातीत कशी लावायची, हे मला मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांनी शिकवलं. १९३२ साली ते आमच्या सोलापुरात जन्मले, दयानंद महाविद्यालयात शिकले आणि पुढे ३६ वर्षं वनखात्यात रमले. नवेगावबांधचं तळं त्यांच्या लिहिण्यातून असं उभं राहतं की मला ते वॉल्डनचं सख्खं भावंड वाटतं. थोरोनं तळ्याकाठी दोन वर्षं दोन महिने काढले. चितमपल्लींनी रानाला उभा जन्म दिला, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं माप मोठं वाटतं.

त्यांना वाचलं आणि मी नान्नजच्या माळावर जाऊ लागलो. त्याआधी तो माळ मला ओसाडच वाटायचा. एकदा उन्हाळ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली, म्हणून पाऊल जागीच रोखलं. वीतभर पुढे उघड्या मुरमावर चार अंडी होती, टोकं आत करून ठेवलेली, मातकट रंगावर काळे ठिपके. घरटं म्हणावं तर भोवती चार खडे. नजर जरा हलली की अंडी पुन्हा मुरमात हरवत. वीस पावलं मागं सरलो तेव्हा ती येऊन बसली.

चितमपल्लींना २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच ते गेले. त्यांच्या जन्मदिवसापासून, ५ नोव्हेंबरपासून, सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या आठवड्यात मी शेजारची मुलं घेऊन हिप्परग्याच्या तलावावर जातो.

थोरो शेवटच्या वर्षांत कोणतं फूल कधी उमललं याच्या नोंदी ठेवत असे. काँकर्डमध्ये आता फुलं किती लवकर येतात, हे शास्त्रज्ञांना दीडशे वर्षांनी त्याच नोंदींवरून ताडता आलं. हे कळल्यापासून मीही वही घातली आहे. कडुनिंबाला मोहोर कधी आला, तलावावर चक्रवाक कधी उतरले, टिटवी कधी अंड्यावर बसली. माझ्या नोंदी अलीकडच्या, त्यांना मागचा आधार नाही. सोलापुरात कुणाच्या आजोबांनी, एखाद्या शेतकऱ्यानं किंवा शिक्षकानं अशी वही ठेवली असेल, तर ती मला बघायची आहे. मी घरी येऊन, तिथंच बसून उतरवून घेईन.