चकाकी आणि माप

गतवर्षीं फ्रान्समध्यें मुलाकडे असतांना नातवाच्या जुन्या पोलादी सायकलीकरितां आम्हीं जुन्या बाजारांतून पुढचा डिरेलर, म्हणजे साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, केवळ चकाकी पाहून घेतला. सायकलीची नळी फ्रेंच मापाची, २८ मिलिमीटर. डिरेलरचें कडें २८.६ मिलिमीटरचें. आवळतां आवळतां कडें तडकलें! नातू कांहींच बोलला नाहीं. तेंच आम्हांस अधिक लागलें. जन्मभर मुलांना ‘आधीं मोजा’ म्हणून सांगणारे आम्हीच!

दुसऱ्या खेपेस निवड नातवाकडे सोंपविली. त्यानें कडें मोजलें, त्यावर चीर नाहीं हें पाहिलें, सांधे हलवून पाहिले, साखळीनें पट्ट्या कितपत झिजल्या तें बोटानें चांचपलें. डिरेलर मळका, पण निर्दोष मिळाला. ओरखडे चालतात, चुकलेलें माप चालत नाहीं, हा धडा या वयांत आम्हीं नातवापाशीं गिरवला.