भाड्याच्या मोटारीतून नाशिक

नाशिकची यात्रा कोणीच केलेली नाही, असे घर आमच्या वाचकवर्गात क्वचितच सापडेल. कोणी सिंहस्थात गेलेला असतो, कोणी अस्थी घेऊन, कोणी त्र्यंबकेश्वरी एखाद्या विधीसाठी. परंतु रामकुंडातील स्नान, काळारामाचे दर्शन, सीतागुंफेत वाकून शिरणे आणि परतताना चिवड्याच्या पुड्या, एवढ्यातच बहुतेकांचे नाशिक आटोपते. देवदर्शन घडले म्हणजे गाव पाहिले, अशी आपली एक सोयीची समजूत आहे. वस्तुतः या क्षेत्राच्या भोवती दोन हजार वर्षांचे शिल्प आणि लेख विखुरलेले आहेत, आणि ते पाहण्यास सवड व वाहन ही दोन्ही लागतात.

म्हणून या खेपेस आम्ही तीन दिवसांसाठी बारा आसनांची मोटार सारथ्यासह भाड्याने ठरविली. मंडळी नऊ. त्यांत गेली चाळीस वर्षे आमच्याच घरी असलेल्या, ऐंशीच्या उंबरठ्यावरील आत्याबाई सर्वांत वडील, आणि धाकटी पुतणी नऊ वर्षांची. आगगाडीने गेल्यास नाशिकरोडचे स्थानक गावापासून बरेच दूर पडते. शिवाय सिन्नर एका टोकास, लेणी दुसऱ्या आणि त्र्यंबक तिसऱ्या. अशा वेळी पदरची मोटार नसलेल्या कुटुंबास भाड्याची मोटार हाच सरळ उपाय. मात्र रोजची फिरती किती, सारथ्याचा रात्रीचा भत्ता किती आणि टोल कोणी भरावयाचा, हे आधी कागदावर लिहून घ्यावे. मागाहून होणारी घासाघीस यात्रेची सारी प्रसन्नता घालविते.

पुण्याहून नाशिक सुमारे २१० किलोमीटर. वाटेत सिन्नर लागते. देवगिरीस जाण्यापूर्वी यादवांचे ठाणे येथे होते, आणि त्या वैभवाची साक्ष म्हणून गोंदेश्वराचे मंदिर उभे आहे. मध्ये शिव आणि चार कोपऱ्यांस सूर्य, विष्णू, पार्वती व गणपती असे हे पंचायतन प्रशस्त चौथऱ्यावर आहे. गर्दी नाही, दुकाने नाहीत. दुपारच्या उन्हात मुलांनी चौथऱ्याला चार फेऱ्या घातल्या आणि आम्ही सावलीत दशम्या सोडल्या. वास्तुकलेचा एवढा उत्तम नमुना इतका निवांत मिळावा, हे भाग्य म्हणावे की आपली उदासीनता, हे ठरविणे कठीण.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढण्यापूर्वी लेणी गाठली. मुंबईच्या रस्त्यावर, गावापासून सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. लोक यांस पांडवलेणी म्हणतात. परंतु पांडवांचा येथे काही संबंध नाही. ही २४ लेणी बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठी कोरलेली आहेत. पायऱ्या पुष्कळ आहेत. आत्याबाईंना खालीच बसवावे असा आमचा विचार होता. त्यांनी तो ऐकून घेतला आणि काठी टेकीत सर्वांच्या पुढे चालू लागल्या.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. ही गौतमीपुत्र सातकर्णीची आई. नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी तिने हे लेणे भिक्षुसंघास दिले, आणि दान नोंदविताना आपल्या पुत्राचे पराक्रम विस्ताराने सांगितले. त्याने क्षहरातांचा वंश निःशेष केला, हे ती अभिमानाने लिहविते. याच लेण्यात तिच्या पुत्राच्या हयातीतला एक लहानसा आदेशही आहे. तो राजा आणि राजमाता या दोघांच्या नावे निघालेला असून तेथे तिला ‘जीवसुता’, म्हणजे जिचा पुत्र जिवंत आहे अशी, म्हटले आहे. नातवाच्या काळातील मोठ्या लेखात ती राजाची आई आणि राजाची आजी आहे. दोन लेखांमधील या अंतराचा अर्थ आत्याबाईंना आम्ही समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

आणि तेथून थोड्याच पावलांवर, दहाव्या लेण्यात, त्याच क्षहरात नहपानाच्या लेकीचे नाव आहे! दक्षमित्रा ही उषवदाताची पत्नी. तिने भिक्षूंसाठी खोली कोरविली व ती आपल्या नावे नोंदविली. एकीने जे कुळ बुडाल्याचा गौरव केला, त्याच कुळातील दुसरीचे नाव त्याच डोंगरावर कोणी खोडले नाही. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील नऊ हजारांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला होता. नाण्यांवर ठसा उमटला; शिळेवरची लेक मात्र राहिली.

उषवदाताचा लेख व्यवहारी माणसाने अवश्य समजून घ्यावा. त्याने गोवर्धन येथील विणकऱ्यांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण दरमहा शेकडा १ व्याजाने, आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण व्याजाने कायमचे ठेवले. मुद्दल कधी परत घ्यावयाचे नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी द्यावयाचे. आमचे काका बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी तेथेच हिशेब केला: २,००० चे वर्षाचे व्याज २४०, आणि वीस भिक्षूंस बारा-बारा म्हणजे २४०. एक कवडीचाही फरक नाही. त्यांचा चेहरा असा खुलला की, जणू स्वतःच्याच शाखेचा ताळेबंद जुळला.

अठराव्या लेण्यातील चैत्यगृहाचे दर्शनी काम धंभिक गावच्या लोकांनी दिले आणि चैत्य पूर्णत्वास नेला भट्टपालिका नावाच्या एका अमात्यपत्नीने. तिने बाप, पती व पुत्र यांची नावे देऊन मध्ये आपलेही नाव घातले आहे. “म्हणजे यांच्याकडे बायकांची नावे लिहीत,” एवढेच आत्याबाई म्हणाल्या.

दुपारनंतर जुन्या गावात मोटारीचा उपयोग संपला. गल्ल्या अरुंद, मोटार गोदाघाटापासून दूर उभी करून पायी हिंडावे लागते. सिंहस्थ पर्वात तर मोटार नेण्याचा विचारच करू नये. तांबट गल्लीचे नाव ज्या ठोक्यांवरून पडले, ते आता पूर्वीइतके ऐकू येत नाहीत. तथापि भांड्यांच्या पेठेत आमच्या वहिनींनी एका तांब्याच्या घागरीसाठी पाऊण तास घालविला, तो वाया गेला नाही. सरकारवाड्याचे लाकूडकाम पाहावे. १८४० साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय पाहावे. विजयानंद नाट्यगृहात २१ डिसेंबर १९०९ रोजी ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांचा वध केला, हे मुलांना पाठ होते. पण जॅक्सन संस्कृतचे जाणकार व जुन्या नाण्यांचे अभ्यासक होते, हे ठाऊक नव्हते. इतिहास पुस्तकातल्याइतका सोपा नसतो, हे त्या जागी उभे राहून सांगता येते.

नारोशंकराच्या देवळावरील घंटा वसईच्या विजयाची आठवण मानली जाते. गोदेच्या पुराचे माप लोक या देवळावरूनही करीत आले आहेत. खाली नदीच्या पात्रात, जुन्या कुंडांवर मात्र काँक्रीट पडले आहे. ते काढावे म्हणून नाशिककर झगडत आहेत, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

काळारामाचे देऊळ सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात काळ्या पाषाणात बांधविले. बांधणी भव्य, रेखीव. येथे एक गोष्ट मुलांना सांगितल्यावाचून आम्हांस पुढे जाववेना. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्रीपुरुष या दारांपुढे आले, आणि दारे बंद करण्यात आली. सत्याग्रह पुढे काही वर्षे चालला. दादासाहेब गायकवाडांनी तो नेटाने चालविला. दारे उघडली नाहीत. ती बंद ठेवणारी मंडळी आमच्या-तुमच्यासारख्याच घरांतली होती. धाकट्या पुतणीने विचारले, “तेव्हा आपले कोणी इथे आले होते का?” काकांनी उत्तर दिले नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर एका ठिकाणी मिळण्यासारखे होते. नाशिकच्या क्षेत्रोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नामावळ्यांच्या वह्या असतात. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की, ते पूर्वजांच्या सह्या काढून दाखवितात. आम्ही त्यांच्या घरी जाऊन नाव-गाव सांगितले. पाने शोधण्यास वेळ लागेल, परवा उद्यापेक्षा बरे, असे ते म्हणाले. परंतु आमच्या मोटारीची मुदत ऐकून दुसऱ्याच दिवशी दुपारी या म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्र्यंबकेश्वर केले. नानासाहेब पेशव्यांनी बांधावयास घेतलेले हे देऊळ आणि मागे ब्रह्मगिरीचा कडा, हे दृश्य सर्वपरिचित आहे. याच गावी १८७० साली दादासाहेब फाळके जन्मले. वाटेत अंजनेरीस नाणेशास्त्राच्या संशोधन संस्थेत जुनी नाणी पाहण्याचा आमचा विचार होता. वेळ पुरला नाही. जो वाचक जाईल त्याने तो ठेवावा.

दुपारी पंचवटीत परतलो तेव्हा वही उघडून ठेवलेली होती. मोडी अक्षरांत पणजोबा, त्यांचे बंधू, पुढे बाळबोधीत आजोबा. आजोबांची नोंद १९३० च्या बरीच आधीची निघाली. काकांनी चष्मा काढून पुन्हा लावला आणि तारीख पुतणीला वाचून दाखविली. सारी नावे पुरुषांची. कोठे ‘मातोश्रीसह’, ‘सकुटुंब’ एवढाच उल्लेख. लेकींची नावे तर मुळीच नाहीत.

“आता आलेल्या मंडळींची नावे सांगा,” उपाध्याय म्हणाले. काकांनी स्वतःपासून आरंभ केला आणि मध्येच थांबून म्हणाले, “आधी आत्याबाईंचे लिहा. मग आमच्या सौभाग्यवती, वहिनी, मुली, सर्वांची लिहा.” उपाध्यायांनी हरकत घेतली नाही, उलट, हल्ली असे पुष्कळ जण सांगतात, म्हणाले. त्यांनी फक्त एवढे विचारले की, आत्याबाईंचे नाव माहेरचे लिहावे की सासरचे.

“दोन्ही लिहा,” आत्याबाई म्हणाल्या, “आणि सही मी करते.”

नऊ नावांना ते पान पुरले नाही. शेवटची दोन पलीकडच्या पानावर गेली.