दहा मिनिटं पुढं

मामाच्या गावाला रात्री आठनंतर कुणी उगीच बाहेर पडत नाही. अकोले तालुक्यातलं गाव. घराच्या तिन्ही अंगांना ऊस आणि उसात बिबट्या. गेल्या वर्षी गोठ्यापाशी बांधलेलं कुत्रं गेलं, त्याआधी शेजाऱ्यांच्या दोन शेळ्या. त्यामुळं दुर्बीण घेऊन पहिल्यांदा गेले आणि "आज रात्रभर खळ्यात बसणार" म्हणाले, तेव्हा मामा हातातला चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "बस की. पण आधी तुझ्या आईला फोन लाव आन् इचार."

त्या खेपेला मी खळ्यात बसले नाही. दुर्बीण पुण्याहून जशी बांधून नेली होती, तशीच बांधून परत आणली.

आमच्या छंदातली खरी अडचण ही आहे की फोटो काढणाऱ्याला फोटो निघत असताना काही कामच नसतं, तरी उठताही येत नाही. आकाशातल्या अंधुक तेजोमेघाचा एक फोटो म्हणजे एकेक-दोनदोन मिनिटांचे पन्नास-शंभर फोटो काढून नंतर एकावर एक रचलेले. तेवढा वेळ दुर्बीण आकाशाबरोबर सरकत राहायला हवी. ते काम तिच्या खालचं मोटरचं माउंट करतं. माउंट चुकतंय का ते दुसरा छोटा कॅमेरा बघतो, आणि त्या दोघांवर लक्ष ठेवायला एक लॅपटॉप लागतो. लॅपटॉप म्हटला की वायरींचं जंजाळ, दवात भिजणारा कीबोर्ड आणि खुर्चीवर कांबळं गुंडाळून बसलेलं माणूस. मला यातलं माणूस घरात हवं होतं.

म्हणून रास्पबेरी पाय घेतला. पत्त्यांच्या कॅटएवढी उघडी पाटी, पण अख्खा कॉम्प्युटर. २०१२ मध्ये केंब्रिजच्या लोकांनी मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून तो स्वस्तात बाजारात आणला. जगभरच्या आकाशवेड्यांनी तो दुर्बिणीला बांधला, ही मुलांची कृपा. माझा चौथ्या पिढीतला, चार जीबीचा. त्यावर केस्टार्स नावाचा आकाशनकाशा, त्याच्या पोटात एकॉस, आणि एकॉसच्या खाली इंडी. कॅमेरा, माउंट, फोकसची मोटर या सगळ्यांच्या वेगवेगळ्या भाषा समजून घेणारा दुभाषा म्हणजे ही इंडी. सगळं फुकट, सगळं लोकांनी फावल्या वेळात लिहिलेलं. मामीला हे समजावून सांगत होते तेव्हा तिनं मध्येच विचारलं, "कसली अंडी?" तेव्हापासून आमच्याकडे दुर्बीण सुरू करण्याला 'अंडी उबवायला ठेवणं' म्हणतात.

पायला घर हवं म्हणून मी पोह्यांचा स्टीलचा डबा घेतला, झाकणाला भोकं पाडली, वायरी ओवल्या आणि तो दुर्बिणीच्या नळीखाली वेल्क्रोनं चिकटवला. इतका देखणा झाला होता की फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. मग वायफाय लावलं, तर दहा पावलांवर सिग्नल गायब. धातूच्या डब्यात रेडिओलहरी कोंडल्या जाणार हे मी शाळेत शिकले होते, पण डबा निवडताना शाळा आठवत नाही. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा डबा. तो मुळीच देखणा नाही.

नंतरचे दोन आठवडे पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका पिवळ्या विजेच्या चिन्हापायी गेले. पायला पाच व्होल्ट लागतात. ते साधारण ४.६३ च्या खाली गेले की हे चिन्ह येतं. माझी बॅटरी बारा व्होल्टची, तिचे पाच करणारं सर्किटही चांगलं, पण त्यापुढची वायर मोबाइल चार्जरची, केसासारखी बारीक. कॅमेऱ्याची शटर उघडली, माउंटची मोटर फिरली की त्या वायरीतच व्होल्टेज मरायचं आणि कॅमेरा 'सापडत नाही' म्हणायचा. मी सॉफ्टवेअर तीनदा काढून घातलं. शेवटी पुण्यातल्या तापकीर गल्लीतल्या दुकानदारानं माझी वायर दोन बोटांत धरून, "याच्यावर मोबाइलपण धड चार्ज होत नसेल ताई," असं म्हणून जाड वायर कापून दिली. तिथून पुढं चिन्ह दिसलं नाही.

घरी गच्चीवर सगळं चोख चालायला लागलं. तिथून चंद्र आणि रस्त्यावरचे दिवे यापलीकडे फारसं काही दिसत नाही, पण यंत्रणा चालते हे कळलं. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला पाय बंद केला, डब्यात भरला आणि शुक्रवारी गावाला गेले. जानेवारीचा मध्य, अमावास्येच्या जवळपास.

खळ्यात तिपाई मांडली. अकोल्याचा अक्षांश साडेएकोणीस, म्हणून ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर, साडेएकोणीस अंश. युरोपातल्या लोकांना तो मान वर करून बघावा लागतो. आम्हाला तो आंब्याच्या फांदीमागं शोधावा लागतो. तिपाई तीनदा हलवल्यावर गोठ्याचा पत्रा आणि आंबा यांच्या फटीत सापडला. माउंटचा आस त्याच्या रोखानं लावला. खरा ध्रुवबिंदू ताऱ्यापासून पाऊण अंशाहून थोडा कमी सरकलेला असतो, तेही जमवलं. मग टॅब घेऊन मामीच्या स्वयंपाकघरात चुलीपाशी जाऊन बसले. गावात नेटवर्क नावालाच, पण त्याची गरज नव्हती. पाय स्वतःचंच वायफाय सोडतो, टॅब त्याला जोडायचा.

केस्टार्स उघडलं, तर पडद्यावर निळंशार आकाश. पश्चिमेकडे सूर्य. मृग नक्षत्र क्षितिजाखाली.

खिडकीतून पाहिलं, तर मृग बांधाच्या माडावर चांगला वर आलेला, खाली व्याध लखलखतोय. पडद्यावर दुपार, बाहेर रात्र. मिनिटभर खरंच वाटलं की मी दुसऱ्याच कुठल्या देशाची जागा भरली. जागा बरोबर होती. चूक तारखेत होती. पायला वाटत होतं, अजून रविवारची दुपारच चालू आहे.

कारण अगदी साधं आहे. लॅपटॉपमध्ये एक बटणासारखा सेल असतो, तो बंद असतानाही घड्याळ चालवत ठेवतो. माझ्या पायमध्ये तो नाही. बंद करताना किती वाजले होते ते तो लिहून ठेवतो, चालू झाला की तिथूनच मोजायला लागतो, आणि इंटरनेट मिळालं की खरी वेळ विचारून घेतो. पुण्यात इंटरनेट होतं म्हणून ही खोड कधी दिसलीच नाही. गावाला त्याला वेळ सांगणारं कुणी नव्हतं.

म्हणजे मलाच सांगायला हवी होती. टॅबवर केस्टार्स पूर्ण पडदाभर, फोन माजघरात चार्जिंगला. मी तिथूनच ओरडले, "मामा, किती वाजले?"

"नऊला पाच कमी."

घातले. पडद्यावर रात्र झाली, मृग जागेवर आला. दुर्बिणीला मृगातल्या तेजोमेघाकडे जायला सांगितलं. खळ्यातून मोटरची घरघर ऐकू आली, थांबली. दहा सेकंदांचा पहिला फोटो पडद्यावर आला. त्यात तारे भरपूर, तेजोमेघाचा पत्ता नाही. माझ्या चौकटीत आडवं साधारण साडेतीन अंशांचं आकाश मावतं, म्हणजे सात पूर्ण चंद्र शेजारीशेजारी. एवढ्या रुंदीत मृगाचा तेजोमेघ न दिसणं म्हणजे घरात म्हैस न सापडणं.

इथं त्या छोट्या पाटीचं खरं कौतुक सुरू होतं. प्लेट सॉल्व्ह नावाचं काम तिला सांगितलं. फोटोतले तारे ती चारचारच्या गटांत घेते, त्या चौकोनांचे आकार मोजते आणि आधी साठवलेल्या याद्यांशी ताडून बघते. आपण कुठं बघतोय ते तिला कुणी सांगावं लागत नाही, वेळही विचारावी लागत नाही, फोटोच सांगतो. वीस-पंचवीस सेकंदांत उत्तर आलं. त्यात दोन आकडे होते: दुर्बिणीला जायचं होतं ती जागा आणि ती प्रत्यक्षात बघत होती ती जागा. आकाशातलं पूर्व-पश्चिम अंतर तास-मिनिटांत मोजतात, पृथ्वीच्या फिरण्यावरून. दोन आकड्यांत फरक होता जवळजवळ बरोबर दहा मिनिटांचा. अंशांत अडीच.

दहा मिनिटं, तीही इतकी गोळीबंद? माउंट तिरकं असतं तर फरक असा नेमका आला नसता. मी माजघरात जाऊन फोन बघितला. आठ वाजून सत्तावन्न. मग भिंतीकडे बघितलं. मामाच्या घड्याळात नऊ वाजून सात.

"ते मुद्दामच पुढं ठिवलंय," मामा म्हणाला. "सकाळची गाडी चुकाया नको म्हणून."

"मग मला सांगायचं ना!"

"घरात सगळ्यांना माहितीये."

घड्याळ दहा मिनिटं पुढं, म्हणून दुर्बीणही पुढं. मृगाचा तेजोमेघ दहा मिनिटांनी जिथं येणार होता तिथं ती जाऊन उभी राहिली होती. वाट बघूनही उपयोग नव्हता, कारण तीही आकाशाबरोबर सरकत होती. दोघांमधलं अंतर रात्रभर तेवढंच राहिलं असतं. सॉल्व्ह केलेली जागा खरी धरून तिला पुन्हा जायला सांगितलं. पुढच्या, मिनिटभराच्या फोटोत तेजोमेघ मधोमध, पंख पसरलेला. तिथून तेराशे-साडेतेराशे वर्षांपूर्वी निघालेला उजेड मामी भाकरीच्या पिठाचे हात पदराला पुसत टॅबवर बघत होती. म्हणाली, "बाई, तव्यावर करपल्यासारखं दिसतंय मधी." मधला भाग खरंच करपला होता. मिनिटाचं एक्सपोजर त्याला फार होतं. ते मला त्या रात्री कळलं नाही, मामीला कळलं.

पुण्याला आल्यावर तापकीर गल्लीतून डीएस३२३१ नावाचं घड्याळाचं सर्किट आणलं, पायच्या पिनांवर बसवलं. वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे, एवढंच चुकतं. २०२३ मध्ये आलेल्या पाचव्या पिढीच्या पायमध्ये घड्याळ पाटीवरच आहे, सेल तेवढा वेगळा लावायचा. पण जुना चालत असताना नवा घ्यायला माझा हात होत नाही.

फेब्रुवारीत पुन्हा गेले. या वेळी सिंह राशीतलं दीर्घिकांचं त्रिकूट घ्यायचं होतं. साडेतीन कोटी प्रकाशवर्षांवरच्या तीन दीर्घिका एका चौकटीत. पाय चालू केला तेव्हा पडद्यावर लगेच रात्रच होती. ध्रुव त्याच फटीत. दव पडणार म्हणून नळीला हीटरचा पट्टा गुंडाळला, अंडी उबवायला ठेवली आणि माजघरात गोधडीत शिरले. अधूनमधून टॅब बघत होते. माउंटची चूक एखाद-दोन विकलांच्या आत. विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. मग झोप लागली.

सकाळी फाइली बघितल्या. दोनदोन मिनिटांच्या शंभरावर चौकटी, एकसारख्या, काळ्या, फक्त मधली एक पूर्ण दुधाळ. एकही तारा नाही, फक्त पिवळट पांढरा उजेड, वरच्या कोपऱ्यात जास्त. मला वाटलं, बॅटरी गेली. मग वाटलं, कॅमेरा.

मामा अंगणात तोंड धूत होता. शेतीची लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणजे मोटर लावायला तो उठलाच असणार. बिबट्या असो नसो, पाण्याची पाळी चुकवता येत नाही.

"मामा, रात्री खळ्यात आला होतास?"

"आलतो की. मोटर लावाया गेलो. जाताजाता तुझ्या दुर्बिणीवर बॅटरी मारून बघितलं. चांगली उभी होती. म्हटलं पोरगी झोपलीये, आपण तरी बघावं."

"किती वाजता?"

"एक वीस झाले व्हते. निघताना घड्याळात बघितलं ना."

फाइलवर वेळ होती एक वाजून दहा मिनिटं.