प्रवाळाआधीचा दगड

पोवळ्याचा व्यापार करणाऱ्या घरांना प्रवाळाची ओळख असते ती वजनकाट्यावरची. लाल पोवळे म्हणजे भूमध्य समुद्रातील प्रवाळाचा सांगाडा. तो पेढीवर पोहोचतो तेव्हा त्यातील जीव केव्हाच गेलेला असतो. अशाच एका पेढीवरील तरुणाने घरी काचेच्या टाकीत जिवंत प्रवाळ राखण्याचे मनावर घेतले, तेव्हा आजीने किंमत विचारली नाही. “अरे, त्या दगडात जीव किती?” एवढेच विचारले.

प्रश्न नेमका होता. समुद्रातून काढलेल्या खडकाच्या छिद्रांत कृमी, स्पंज, चिमुकले खेकडे राहतात. प्रवासात त्यांतील कित्येक मरतात आणि टाकीत कुजतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व पाषाणी प्रवाळांचा समावेश झाला. कच्छच्या आखातातून वा मालवणच्या समुद्रातून ती उचलणे गुन्हाच आहे.

म्हणून कोरडा खडक आला : प्राचीन प्रवाळभित्तीचा, जमिनीवरील खाणीतून काढलेला सच्छिद्र चुनखडक. तो आधी उकळावा, असे घरात सर्वांना वाटले. पाणी गाळून, उकळून पिणाऱ्या घराला दुसरे काय सुचणार? पण ही रीत येथे लावू नये. खडकावर झोअँथिड प्रवाळांचा अंश असल्यास त्यांतील पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेबरोबर श्वासात जाऊ शकते. अशा विषबाधेने घरची माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या नोंदी परदेशांत आहेत. तरुणाने हातमोजे घालून खडक पाण्याखालीच ब्रशने घासला आणि आर.ओ.च्या पाण्यात भिजत ठेवला. जुन्या खडकातून फॉस्फेट झिरपते व त्यावर शेवाळ माजते. चाचणीत ते उतरेपर्यंत पाणी बदलावे लागले.

मग रचना. खडक वाळूवर नव्हे, थेट तळाच्या काचेवर टेकवले, म्हणजे माशांनी वाळू उकरली तरी ते ढासळत नाहीत. मागून पाणी खेळेल अशी फट ठेवली, प्रवाळांसाठी सपाट कंगोरे राखले. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, २५-२६ अंश उष्णता, पंप चालू, दिवा बंद. थोडा अमोनिया आणि जिवाणूंचे विरजण घातले. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट. पहिली दोन्ही विषे शून्यावर येण्यास चार ते सहा आठवडे, कधी अधिकही लागतात. पेढीवर माल पडून राहिला की व्याज चढते. येथे पडून राहणे हेच काम. या काळात घाईने आणलेले प्रवाळ मरू शकते.

आजीला उत्तर मिळाले तेही सरळ : “आज एकही दिसणार नाही, आजी, महिन्याने मात्र दगड भरलेला असेल.” त्यावर तिने वीज गेली तर काय, असे विचारले. पंप थांबला की पाण्यातील प्राणवायू घटतो. म्हणून पहिल्या प्रवाळाआधी घरात बॅटरीवर चालणारा पंप आला.