हिवताप : शेजाऱ्यासाठी घ्यायची लस

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत राबणारे असंख्य हात रत्नागिरी जिल्ह्यातले होते. शिमग्याला चाकरमानी बोटीने गावी येई, तेव्हा त्याच्याबरोबर मुंबईचा हिवतापही येऊ शकत असे. ताप कधीच उतरलेला असे. पण परजीवींची नर-मादी रूपे रक्तात उरलेली असत. गावच्या डासाला तेवढी पुरतात.

मुंबईतल्या तापाचे मूळ चार्ल्स बेंटली यांच्या १९११ च्या अहवालाने दाखवले : घरोघरच्या विहिरींत वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी डास. विहिरी झाकण्या-बुजवण्याचे हुकूम निघाले आणि विरोध उसळला. कित्येक विहिरी पूजेतल्या होत्या. शिवाय विहीर बुजवायची आपण आणि ताप टळायचा शेजाऱ्याचा, हा व्यवहार कुणाला सहज पटतो?

डासाकडे बोट आधीच दाखवले गेले होते. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत परजीवी दिसला. तो डास हुसेन खान या रुग्णाचे रक्त प्यायला होता. खानाचा मोबदला दर डासामागे एक आणा. रॉस यांना १९०२ चे नोबेल. असो.

त्याच जठरात पुढे एक विलक्षण शक्यता सापडली. परजीवीच्या नर-मादी पेशींचे मीलन डासाच्या पोटातच होते. १९७६ साली रॉबर्ट ग्वाड्झ यांनी, तसेच रिचर्ड कार्टर आणि डेव्हिड चेन यांनी, कोंबड्यांना या पेशींविरुद्ध लस टोचली. कोंबड्यांच्या रक्तात परजीवी वाढलेच. पण त्यांचे रक्त प्यायलेल्या डासांत संसर्ग जवळजवळ थांबला. रक्ताबरोबर पोटात गेलेली प्रतिपिंडे तिथे त्या पेशींना चिकटत आणि मीलन होऊ देत नसत.

म्हणजे ही लस टोचून घेणाऱ्याला स्वतःला थेट संरक्षण नाही. डास त्याला चावून पुढे ज्याला चावेल, तो वाचतो. बहुसंख्य गावाने घेतली, तरच तिचा लाभ फिरून आपल्या दारी येतो. मुंबईच्या विहिरींचाच हा पेच, आता दंडावर आलेला.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ लस वेगळी. ती टोचलेल्या बालकालाच जपते, परजीवी यकृतात शिरण्याआधी अडवते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. डासाच्या पोटातल्या लसीच्या चाचण्या आफ्रिकेत माली देशात झाल्या, पण ती अजून सर्रास वापरात आलेली नाही. तोवर महाराष्ट्रात विहिरीत गप्पी मासे सोडण्याचा जुना उपाय चालू आहे. त्यासाठीही विहीर कुणाच्या तरी मालकीची असते आणि आधी त्याला विचारावे लागते.