अंतर्गळाच्या दोन वाटा

मराठी शिकवणाऱ्या माणसाला आजारातही आधी शब्द दिसतो. हर्नियाला कोशात 'अंतर्गळ' असा शब्द आहे. आमच्या मराठवाड्यात मात्र 'आतडे उतरले' एवढेच म्हणतात, आणि तेही चारचौघांत नव्हे. दुखणे जांघेतले, ते झाकण्याकडेच कल. आम्ही दोघांनीही ते वर्षभर झाकले. आमच्यातला एक नांदेडच्या महाविद्यालयात, दुसरा लातूरच्या. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासायला शेजारी बसलो असता, खुर्चीवरून उठताना दोघांचाही हात एकाच जागी गेला आणि गुपित फुटले.

पुढे काही महिन्यांच्या अंतराने दोघेही शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेलो. नांदेडकराने उघडी पद्धत पत्करली, लातूरकराने दुर्बिणीची. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे.

उघड्या पद्धतीत जांघेवर दोन-अडीच इंचांचा छेद घेतात आणि पोटाच्या भिंतीतील दुबळ्या जागेवर पुढच्या बाजूने जाळी शिवतात. ती जागेवरच बधिर करूनही करता येते; नांदेडकराला पाठीतून भूल दिली होती, त्यामुळे डॉक्टरांच्या क्रिकेटच्या गप्पा त्याला अथपासून इतिपर्यंत ऐकू आल्या. दुर्बिणीच्या पद्धतीत तीन लहान छिद्रे पाडतात, कार्बन डायऑक्साइड भरून जागा करून घेतात आणि जाळी स्नायूंच्या मागे पसरतात. तिला बहुधा पूर्ण भूल लागते. लातूरकर आठवड्याच्या आत वर्गात उभा राहिला. नांदेडकराला दोन आठवडे घरी बसावे लागले आणि जांघेचा थोडा भाग अजून बधिर आहे. पण लातूरकराचे बिल जवळजवळ दुप्पट झाले. शिवाय पाटीवर 'बिनटाक्याचे ऑपरेशन' असे लिहिलेले असूनही प्रत्येक छिद्रावर टाका होताच! भाषेच्या प्राध्यापकाला हा टाका जरा जास्तच टोचला.

एवढ्यावरून लातूरकर जिंकला असे वाटेल. पण अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात दोन वर्षांनंतर अंतर्गळ पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या पद्धतीत १०.१ टक्के आणि उघड्या पद्धतीत ४.९ टक्के आढळले. नांदेडकर हे आकडे गाथेतल्या अभंगासारखे म्हणून दाखवत असे. पुढे त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट हाती लागली: ज्या शल्यविशारदांनी अशा अडीचशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यांच्या हातून हे प्रमाण बरेच कमी होते. म्हणजे वाद छेदाच्या लांबीचा नव्हताच. तो हाताचा होता. २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनीही दोन्ही पद्धती मान्य केल्या आहेत. दोन्ही बाजूंना अंतर्गळ असेल, किंवा उघड्या शस्त्रक्रियेनंतर तो पुन्हा झाला असेल, तर दुर्बिणीची वाट सोयीची ठरते. आमच्यापैकी कोणीही आपापल्या डॉक्टरांना 'आपण आजवर अशा किती केल्या?' असे विचारले नव्हते. विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत घाम फोडणारे आम्ही, तिथे मुकाट्याने सही करून मोकळे झालो.

दोन्ही बिलांत एक ओळ मात्र सारखी होती: जाळी. या जाळीची एक कथा आपल्याच महाराष्ट्रातली आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी महागड्या जाळीऐवजी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून वापरले आणि सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष २००३ साली 'इंडियन जर्नल ऑफ सर्जरी'त मांडले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची बाजारातल्या जाळीशी रीतसर तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाच रुग्णाचा अंतर्गळ परतला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही, फरक नगण्य. वातानुकूलित खोलीत पडून आम्ही दोघे छिद्रांची संख्या मोजत होतो, तेव्हा हे ठाऊक असते तर बरे झाले असते.

आमचा हा वाद एकदा लातुरात चहाच्या टपरीवर रंगला होता. बाजार समितीत हमाली करणारा आमचा एक जुना विद्यार्थी शेजारी उभा राहून ऐकत होता. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षी त्याने शिक्षण सोडले होते. तो म्हणाला, "सर, मलाबी हाय. पट्टा बांधून काम करतो. तुमचं टाक्याचं असू द्या. मला पोतं कधी उचलता येईल, तेवढं सांगा."

आम्ही गप्प झालो. आम्हाला मिळाली होती वैद्यकीय रजा, तीही भरपगारी. एकाला डॉक्टरांनी वजन उचलायला सहा आठवडे मनाई केली होती, दुसऱ्याला तीन महिने. आम्ही उचलणार होतो ते उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. २०१८ची तीच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की झेपेल तसे नेहमीचे काम सुरू करावे, वेगळी बंधने नकोत. पण पोत्याचे वजन आणि त्याचा रोज धरून कोणी हे बोलले आहे का, हे आम्ही त्याला कोणत्या तोंडाने सांगणार होतो? दुखत असेल तर थांबू नकोस, गाठ आत जाईनाशी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या तर त्याच तासाला दवाखाना गाठ, एवढे मात्र बजावले.

"तुरीचा हंगाम संपू द्या," असे म्हणून तो गेला. पुढच्या आठवड्यात त्याला सरकारी रुग्णालयात दाखवायला आमच्यातला लातूरकर सोबत जाणार आहे. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न या वेळी आम्ही कागदावर लिहून ठेवले आहेत; पोत्याचा प्रश्न सर्वांत वर आहे.